परातीतला कार्बोरेटर

बाबा, शेठजींची लाल गाडी गेल्या महिन्यात पुण्यात रोलरवर चढवली आणि आकडा फारच कमी आला. हे आधीच सांगून टाकते, कारण फिरवून फिरवून सांगितलेली गोष्ट तुम्हाला आवडायची नाही. गिऱ्हाईक गाडीचा सगळा इतिहास सांगायला लागलं की तुम्ही म्हणायचात, "आवाज काय येऊन राह्यला तेवढं सांगा, बाकी मी पाह्यतो." तर आवाज असा: कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकात चौऱ्याण्णव घोड्यांची ताकद लिहिली आहे आणि पुण्याच्या पडद्यावर आले अठ्ठावन्न.

हा रोलर तुमच्या काळात आपल्याकडं नव्हता. जमिनीत जाड लोखंडी ढोल बसवलेले असतात. गाडीची मागची चाकं त्यांच्यावर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी चारही बाजूंनी आवळायची आणि जागच्या जागी पळवायची. चाकं ढोलाला किती जोर लावतात ते संगणक मोजतो आणि शेवटी कागदावर दोन रेघा काढून देतो. एक ताकदीची आणि एक टॉर्कची, म्हणजे तुम्ही जिला ओढ म्हणायचात तिची. तुम्ही घोड्यांचा आकडा कधी तोंडातून काढला नाहीत. ट्रॅक्टर असो, जीप असो, तुमचा प्रश्न एकच असायचा, "ओढ कशी हाय?" सोनाळ्याहून ट्रॅक्टर घेऊन येणारे शेतकरीसुद्धा तुमच्याशी बोलताना घोडे विसरून ओढीवर यायचे.

गाडी आता शेठजींच्या नातीची आहे. शेठजींच्या कापसाच्या जिनिंगची शेड पाडायला काढली तेव्हा ताडपत्रीखाली ती सापडली. सापडली म्हणजे, होती हे सगळ्यांना ठाऊकच होतं, फक्त ताडपत्री उचलायचं कारण कुणाला नव्हतं. ते कारण बहुधा मीच पुरवलं. गेल्या वर्षी माझ्या रविवारच्या सदरात मी तुमच्यावर लिहिलं होतं. त्यात एक वाक्य असं होतं: 'नांदुऱ्याच्या एका मिस्त्रीनं टिनाच्या शेडमध्ये विलायती गाडी कारखान्यातून निघाली होती तशी करून दिली.' पान लावायला दहा मिनिटं उरली होती, शेवटचा परिच्छेद लंगडत होता, त्याला ते वाक्य बरं दिसलं. नातीनं ते वाचलं आणि मला फोन केला. म्हणाली, "ताई, गाडी पुण्याला नेतेय. तिथले लोक म्हणतात, आतलं इंजिन काढून टाकू आणि एखाद्या नव्या गाडीचं बसवू. पण तुम्ही लिहिलंय तसं ते खरंच असेल तर मला तेच ठेवायचंय." मी विचारलं, जुन्या इंजिनाचं काय करतील? ती म्हणाली, "काय करणार? भंगार." म्हणजे तुम्ही सात महिने खपून बांधलेलं इंजिन गाडीत राहायचं की भंगाराच्या काट्यावर जायचं, हे त्या कागदावर ठरणार होतं. आणि तो कागद मागवला होता माझ्या वाक्यानं. म्हणून मी रजा टाकून पुण्याला गेले.

ते सात महिने मला महिन्यामहिन्यानं आठवतात. मी पंधरा वर्षांची होते. सरकी-ढेपेच्या दुकानाला लागून आपलं गॅरेज, समोर स्टेशनकडं जाणारा रस्ता, आणि एक दिवस चार हमाल ती दोन माणसांची बुटकी गाडी ढकलत आणतात, मागून शेठजी छत्री घेऊन चालत येतात. मुंबईच्या कुणा पारशाच्या घरून त्यांनी ती घेतलेली असते आणि नांदुऱ्यापर्यंत येऊन तिनं धूर सोडून बसकण मारलेली असते. मुंबईच्या दोन कारखान्यांनी नाही म्हटलेलं असतं. तुम्ही बॉनेट उघडता, बराच वेळ नुसतं पाहता आणि मला हाक मारता, "काय वं पोरी, इकडे ये. हे पाह्य, यानं दोन कार्बोरेटर देल्ले हायेत. एकाचं ऐकावं का दोघाचं, असं झालं असन बिचाऱ्या इंजिनाले." शेठजी हसतात. तुम्ही हसत नाही, कारण तुमचं काम सुरू झालेलं असतं.

कापसाच्या हंगामात नांदुऱ्याची हवा पांढरी असते. जिनातून उडालेली रुई विजेच्या तारांवर, म्हशींच्या पापण्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. उघड्या कार्बोरेटरला ती विषासारखी. म्हणून हंगाम सुरू झाला की तुमचा नियम होता: कार्बोरेटर गॅरेजमध्ये उघडायचा नाही, घरी आणायचा, स्वयंपाकघराची खिडकी लावायची आणि आईच्या पितळी परातीत तो उघडायचा. असं करणारा दुसरा मिस्त्री मी आजवर पाहिला नाही. एकेक स्क्रू, स्प्रिंग, तरंगणारा डबा, सगळं परातीत ओळीनं मांडलेलं, जणू कुणी पाहुणा जेवायला बसणार आहे. आई स्टो बाजूला सरकवायची आणि तिचं सुरू व्हायचं.

"सैपाकघर हाय का ग्यारेज हाय हे? वरणाले पेट्रोलचा वास येऊन राह्यला."

"बाह्यर रुई उडून राह्यली. मी काय करू?"

"मंग जिनातच घेऊन जा ना तुमचं ते डबडं."

"जिनात नेलं तं त्याच्यात रजई भरून येईन."

आई हसू दाबत भाकरी थापायची आणि परात मात्र दोन दिवस मागायची नाही. शेठजी एकदा काम पाहायला थेट घरी आले तेव्हाही कार्बोरेटर परातीतच होता. ते चौकटीत उभे राहिले, मग चप्पल काढून आत येऊन पाटावर बसले आणि आईनं दिलेला चहा त्यांनी बशीत ओतून प्यायला. आपल्या घरी त्यांनी चहा घेतला ही गोष्ट बुद्धविहारापासून नाक्यापर्यंत महिनाभर पुरली. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुम्ही त्यांना दोन्ही विलायती कार्बोरेटर हातात देऊन दाखवत होतात की दांडे झिजून सैल झालेत, हवा खातात, सामान मिळणार नाही. आणि त्यांना स्पष्ट म्हणालात, "शेठजी, आपल्या इकडच्या गाडीचा एक कार्बोरेटर बसवतो. वरची धाव कमी होईन. ओढ कमी नाही होनार, उलट खाली वाढन." शेठजी म्हणाले, "मिस्त्री, वरची धाव मी नांदुऱ्यात कुठं करू? रेल्वेच्या फाटकाशी शर्यत लावू का? मला बुलढाण्याला घाट चढून जायचंय, तेवढं पाहा." हे बोलणं माझ्यासमोर झालं. तरीही सदरात मी लिहिलं, कारखान्यातून निघाली होती तशी. तुम्ही तशी केली नव्हती. तुम्ही ती राजूर घाटासाठी केली होती.

पुण्यात त्या दिवशी आम्ही तिघं होतो: नात, मी आणि रोलर चालवणारा ट्यूनर, पस्तिशीचा, बोलायला नेमका माणूस. गाडी बांधली, कानांवर लावायला आवाज अडवणारी जाड झाकणं दिली आणि इंजिन वर नेलं. इतक्या वर्षांनी तो आवाज मी बंद खोलीत ऐकला. मग पडद्यावर आकडा स्थिर झाला. नात माझ्याकडं पाहायला लागली. ट्यूनर म्हणाला, "कुणी बांधलंय हे? एक कार्बोरेटर, तोही साध्या सेडानचा. अगदी गावठी काम आहे हो. हे काढलेलंच बरं."

बाबा, मी तीस वर्षं आकडे असलेल्या बातम्या तपासते. आकडा आला की आधी विचारायचं, कुणी मोजला, कुठं मोजला आणि कशाशी ताडून पाहिला. हे मी नव्या लोकांना शिकवते. त्या खोलीत पहिलं मिनिटभर मी यातलं काही विचारलं नाही. अठ्ठावन्न या आकड्यासमोर मी मान खाली घालून उभी राहिले. मग सवयीनं वही काढली आणि ती उघडल्यावर जरा बरं वाटलं.

पहिला प्रश्न मी विचारला, माहितीपत्रकातले चौऱ्याण्णव कुठं मोजलेले? ट्यूनर म्हणाला, इंजिनाच्या दांड्यावर, गाडीबाहेर, कारखान्यात. आणि तुमचे अठ्ठावन्न? चाकावर. मधे गिअरबॉक्स, लांब दांडा, मागचा धुरा, टायर, हे सगळे आपापला वाटा खातात. अशा जुन्या गाडीत किती खातात? पंधराएक घोडे, तो म्हणाला. म्हणजे ही गाडी नवी असतानासुद्धा या रोलरवर एकोणऐंशीच्या आसपासच आली असती. मी तसं लिहून घेतलं. तूट छत्तीसची नव्हती, एकवीसची होती. त्यानं मान्य केलं, पण म्हणाला, एकवीससुद्धा खूप असतात मॅडम.

मग मी म्हटलं, आकडा राहू द्या, रेघ समजावून सांगा. तो कागद मी इथं समोर ठेवलाय. ओढीची रेघ डावीकडून, इंजिनाच्या अगदी कमी फेऱ्यांपासून, भरलेली उठते आणि बराच वेळ सपाट चालते, आपल्या नळगंगेच्या धरणाच्या बांधासारखी. मिनिटाला चार हजार फेऱ्यांनंतर ती खाली झुकायला लागते, झटका न देता. ट्यूनरनं कंपनीची जुनी रेघ दुसऱ्या पडद्यावर काढून शेजारी ठेवली. दोन ते तीन हजार फेऱ्यांमध्ये तुमची रेघ कंपनीच्या रेघेला जवळजवळ चिकटून होती. चाकापर्यंत पोचताना होणारी तूट धरली तर तिथं तुमची वर होती. "छोटा कार्बोरेटर खाली असंच करतो," तो म्हणाला. "वर श्वास पुरत नाही, पण खाली जोरात येतो. कुणी चुकून लावला असेल तर नशीबवान चूक आहे." मी त्याला शेठजींचं आणि तुमचं बोलणं सांगितलं, फाटकाशी शर्यतीसकट. तो म्हणाला, "म्हणजे ठरवून?" मी म्हटलं, ठरवून, सांगून, आणि गिऱ्हाइकाची परवानगी घेऊन.

त्यानंतर त्यानं स्वतःहून प्लग काढून चारही सिलिंडरचा दाब मोजला. चारही सारखे निघाले. त्यानं पुन्हा मोजले. पुन्हा सारखे. बारीक कॅमेरा आत सोडून त्यानं व्हॉल्व्ह जिथं बसतात त्या कडा पाहिल्या आणि मला विचारलं, "हे मशीनवर केलेलं नाही ना?" नाही. तुम्ही ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून, लाकडी काठीला रबराची वाटी लावून, दोन्ही तळहातांनी ताक घुसळावं तसे घासले होते, आठ व्हॉल्व्ह, आठ दिवस. "आणि इतकी वर्षं उभ्या गाडीच्या सिलिंडरला गंज कसा नाही?" याचं उत्तर नातीनं दिलं. शेडमधून काढल्यावर ज्या मिस्त्रीनं गाडी जागी केली, त्याला चारही सिलिंडर काठोकाठ तेलानं भरलेले सापडले होते. ते कुणी भरले हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. शेठजी आजारी पडले, मग गेले, त्यांच्या मुलानं गाडी शेडमध्ये लावून टाकी रिकामी केली, कारण कापसाच्या आवारात पेट्रोल चालत नाही. तरी तुम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं जायचात. चौकीदार तुम्हाला आत सोडायचा. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल, हातानं दोन फेऱ्या, पुन्हा ताडपत्री. असं दहा वर्षं. शेवटच्या वेळी, तुमचे हात थरथरायला लागल्यावर, तुम्ही ते काठोकाठ भरून आलात. मी हे सांगत होते तेव्हा ट्यूनर कॅमेऱ्याचं चित्र पाहत होता. त्यानं पलीकडच्या खोलीतल्या भागीदाराला हाक मारली, "अरे, इकडे ये, हे बघ." माझी छाती किती भरून आली ते तुम्हाला सांगत नाही. तुम्ही म्हणाला असता, "पुढे बोल."

पुढचं असं. एका कार्बोरेटरमुळं नऊ-दहा घोडे जातात, वयामुळं दोन-तीन. एकवीसपैकी आठएक घोड्यांचा हिशेब तरीही लागेना. धुराच्या नळीत घातलेलं यंत्र सांगत होतं की इंजिन हवं त्याहून जास्त पेट्रोल पितंय, खालपासून वरपर्यंत. ट्यूनरनं कार्बोरेटर उघडला. ज्यानं गाडी जागी केली त्यानं तो नुसता फवाऱ्यानं धुतला होता, आत हात घातला नव्हता. त्यानं मोठा जेट काढला. मुगाच्या दाण्याएवढा तो पितळी तुकडा, मधे बारीक भोक, ज्यातून मापानं पेट्रोल जातं. बाजूला एकशे वीस असा शिक्का. त्यानं मापाची सळई घातली, भिंगाखाली धरला आणि म्हणाला, "हा एकशे वीस राहिलेला नाही. तोंड खरवडलंय कुणीतरी. भोक गोलसुद्धा नाही. बाकी इतकं सुंदर काम करणाऱ्या माणसानं हे कसं केलं असेल, मॅडम? तुमच्या वडिलांच्या हातून झालेलं दिसतंय."

मी वही मिटली. माझ्या तोंडून जे निघालं ते पुण्याच्या मराठीत नव्हतं. "त्यायनं नाही केलं. म्या केलं."  मग मला ते दोघांना नीट, सावकाश पुन्हा सांगावं लागलं.

तो दिवस असा आहे. गाडी बांधून झालीय, दोन दिवस छान चालतेय, तिसऱ्या दिवशी धापा टाकायला लागते. रुई शिरली असणार. तुम्हाला पंख्याचा पट्टा आणायला पॅसेंजरनं अकोल्याला जायचंय आणि पाच वाजता शेठजी घाटात न्यायला येणार आहेत. निघताना तुम्ही मला परातीजवळ बसवता. "उघड, धू, जेट फड्याच्या काडीनं साफ कर. तार नोको घालू. पितळ मऊ असते. भोक मोठं झालं का मंग ते लहान नाही होत." हे तुम्ही मला आधीही सांगितलेलं असतं. एकदा एका जीपचा जेट मी तारेनं टोकरताना तुम्ही माझ्या हातातून तार घेतली होती, ती चार ठिकाणी वाकवली होती आणि एक शब्द न बोलता खिडकीतून फेकली होती. तुमचं रागावणं तेवढंच असायचं, पण पुरायचं.

मी खिडकी लावते. फड्याची, म्हणजे झाडूची, काडी सोलून जेटमध्ये घालते. रुईचा बोळा घट्ट बसलेला असतो, काडी आत मोडते. दुसरी घालते, तीही मोडते. चार वाजून गेलेले. आई विहिरीवर. आणि माझ्या समोर, हाताच्या अंतरावर, स्टो आहे आणि स्टोवर पिन ठेवलेली आहे, पत्र्याची पट्टी आणि तिच्या टोकाला बारीक तार. ती पिन आई रोज सकाळी स्टोच्या भोकात घालते आणि स्टो निळा पेटतो. त्या घरात बारीक भोक बंद झालं की पिन घालतात, एवढंच मला त्या क्षणी दिसतं. मी पिन घालते. तार बारीक पडते, काडी हलत नाही. मग मी पिनच्या पत्र्याचं टोक जेटच्या तोंडात बसवते आणि पिरगाळते. एकदा. दोनदा. काडी निघते, बोळा निघतो आणि परातीत पितळेचा एक बारीक कीस पडतो. सोन्याच्या केसासारखा. मी तो बोटानं टिपते आणि चुलीच्या राखेत पुसते.

तुम्ही पट्टा घेऊन आलात, कार्बोरेटर चढवला, गाडी सुरू केली. आवाज ऐकून तुम्ही मान तिरकी केलीत. स्क्रू अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर. मग माझ्याकडं वळलात. "काडीनंच साफ केला ना वं?"

मी मान डोलावून म्हटलं, "हाव."

तुम्ही शेठजींना म्हणालात, "थोडी जड वाटून राह्यली. उद्या पुन्हा उघडतो." शेठजी बसलेच होते. "मिस्त्री, उत्तम आहे, बसा." तुम्ही त्यांच्या शेजारी बसलात आणि गाडी मोताळ्याच्या रस्त्याला लागली. घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढली, शेठजींनी येऊन साऱ्या नाक्याला सांगितलं. उद्या मात्र आला नाही. शेठजी गाडी सोडायला तयार नव्हते, आज खामगाव, उद्या शेगाव. मग त्यांचं आजारपण आलं. पुढच्या त्या सगळ्या रविवारी तुम्ही शेडमधून परत येऊन पाय धुताना एकच वाक्य म्हणायचात: "काहीतरी राह्यलं तिच्यात माह्याकून." पेट्रोल घालता येत नव्हतं, सुरू करून ऐकता येत नव्हतं, आणि ऐकल्याशिवाय उघडणाऱ्यातले तुम्ही नव्हतात. मी तांब्यानं पायांवर पाणी ओतत असायचे.

आईला परवा फोनवर सगळं सांगितलं. अठ्ठावन्न ऐकून ती म्हणाली, "साठ वर्साची झाली असन ना ते गाडी? मले चढवा म्हना त्या रोलरवर, पाहू माहे किती येते." मग पिनचं सांगितलं, तर म्हणाली, "मले माहीत हाय. त्याच रात्री जेवताना म्या इचारलं नव्हतं का, माही पिन कोनं वाकडी केली म्हनून?" विचारलं होतं. आता आठवतं. तुम्ही भाकरी मोडत होतात. वर पाहिलं नाहीत. तुम्हाला तेव्हा कळलं होतं का, मला माहीत नाही. कळलं होतं असं धरलं तर मला सोपं जाईल, म्हणून मी तसं धरत नाही. दुसऱ्या बाजूनं दुजोरा नसेल तर बातमी उभी राहत नाही.

ट्यूनरकडं तसल्याच कार्बोरेटरचे जेट डबीभर होते. त्यानं नवा एकशे वीस बसवला आणि गाडी पुन्हा पळवली. सहासष्ट. त्यानं कागदावर माझ्यासमोर मांडणी केली: चाकापर्यंतची तूट, एक कार्बोरेटर, वय. सगळं जागच्या जागी बसलं, शिल्लक काही उरलं नाही. तो नातीला म्हणाला, "आकडा मोठा हवा असेल तर नवं इंजिन घाला. पण यात बिघाड काही नाही." ती त्या रेघेकडं पाहत होती. म्हणाली, "घाट चढेल?" त्यानं डाव्या बाजूच्या सपाट भागावर बोट ठेवलं. "घाट हा इथं असतो." तेवढ्यावर ती म्हणाली, "मग राहू दे. आजोबांच्या मांडीवर बसून मी तो चढलेय."

गेल्या रविवारी आम्ही दोघी चढलो. मोताळा मागं पडलं, राजूरचं पहिलं वळण आलं, तिनं गाडी तिसऱ्यात टाकली आणि वरपर्यंत हात गिअरकडं नेला नाही. मी तुमच्या जागेवर बसले होते, मान तिरकी करून. गाडी हलकी वाटत होती, बाबा. जड अजिबात नव्हती. वर पोचल्यावर तिनं विचारलं, कशी वाटली? मी म्हटलं, ओढ चांगली हाय.

माझ्या कामात चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात चार ओळींचा खुलासा द्यावा लागतो. असे शेकडो खुलासे मी लिहिलेत, बहुतेक इतरांच्या चुकांचे. या रविवारच्या सदराखाली माझा येतोय: गाडी कारखान्यातून निघाली होती तशी केलेली नव्हती, तिच्या मालकाच्या रस्त्यासाठी वेगळी केलेली होती, आणि ते काम आजही जसंच्या तसं आहे. वाचकांचं देणं त्यात फिटतं. जेटचं त्यात लिहिलेलं नाही. ते वाचकांना चुकीचं सांगितलं गेलं नव्हतं. ते तुम्हाला सांगितलं गेलं होतं, आणि त्यानंतर तुम्ही बारा वर्षं होतात, एकाच घरात, बहुतेक दिवशी माझ्यासमोर जेवायला.

परक्या दोन माणसांसमोर मी ते एका श्वासात बोलून गेले. हा कागद मी रोलरच्या कागदाबरोबर घडी करून ठेवणार आहे, जुना जेट त्याच्या घडीत आहे. तुम्ही एकदाच विचारलं होतं, काडीनंच साफ केला ना वं.

नाही बाबा. स्टोच्या पिननं.